अक्षरांची पंचमी

धोंडुबाई नागपंचमीला सांगलीहून माहेरी आल्या, की कणशांच्या घरात दोन गोष्टी नेमानं घडत. दिंडांचं पुरण दीडपट शिजे, आणि आपण किती अडाणी आहोत ते सगळ्यांना नव्यानं कळे. धोंडुबाईंचे यजमान हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यामुळं पेठेतलं सारं शहाणपण आधी आपल्या दारात उतरतं आणि मग उरलेलं गावाला वाटलं जातं, असा त्यांचा समज होता. तो खोडून काढायची छाती पिंपरवाडीत कुणाची नव्हती.

त्या साली, म्हणजे लढाईच्या पाचव्या वर्षी, त्या बैलगाडीतून उतरल्या आणि अंगणातच थबकल्या. सोबत आठ वर्षांचा नातू सिद्धू होता. डोक्यावर काळी टोपी, पाठीला दप्तर, बगलेत पाटी. सणाला आलेल्या पोराच्या बगलेत पाटी कशाला, असं गाडीवाल्यानं वाटेत विचारलं होतं आणि दोन कोस पस्तावला होता.

अंगणात ताज्या सारवणावर रांगोळीनं हात-हात उंचीची अक्षरं काढलेली होती. घरातली आणि शेजारची पाचसहा पोरं त्यांच्यामधून उड्या मारत होती. मध्ये धोंडुबाईंच्या भावाची, लालासाहेबांची, सून शालूबाई पदर खोचून टाळ्यांवर ताल धरून म्हणत होती,

"पयली वेलांटी म्हायेरची, आदी आदी यायाची!
दुसरी वेलांटी सासरची, मागनं मागनं यायाची!
उकार बसला पायाशी, टिकली अनुस्वार कपाळाशी!"

पहिल्या ओळीला पोरं डावीकडं उडी मारून डोक्यावर हात वाकवत, दुसरीला उजवीकडं. उकाराला सगळी एकदम उकिडवी बसत, आणि अनुस्वाराला आपापल्या कपाळावर अशी थाप मारत की परसातली म्हैस मान वर करून बघे. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती ती शालूची हरणा. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

"ह्ये काय चाललंय गं?" धोंडुबाईंनी विचारलं.

शालूनं पदर डोक्यावर घेतला, वाकून नमस्कार केला. "काय न्हाई आक्का. पोरं आक्षरं शिकत्यात."

"आक्षरं? पायानं?"

"पायात बसली की डोक्यात ऱ्हात्यात."

"आमच्या सांगलीत आदी हातावर छडी बसती, मंग डोक्यात ऱ्हात्यात. सिद्धू, म्हन रं बाराखडी!"

सिद्धूनं डोळे मिटले आणि एका दमात क पासून सुरुवात केली. मध्ये कुठं श्वास घेतला ते कळलं नाही. हरणा तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. तो थांबला तशी तिनं त्याचा हात धरला, ओढत अंगणाच्या कोपऱ्यातल्या एका अक्षरापाशी नेलं आणि विचारलं, "मंग ह्यो कुठला?"

सिद्धूनं अक्षराकडं पाहिलं. मग आजीकडं पाहिलं. मग पुन्हा अक्षराकडं.

"आमच्या शाळंत ह्यो न्हाई," तो म्हणाला.

"ळ हाय त्यो! दोघींची फुगडी!" हरणानं त्याचे दोन्ही हात धरून गरकन फिरवलं. पाटी एकीकडं गेली, टोपी दुसरीकडं. तिसऱ्या गिरकीला सिद्धू हसायला लागला. सांगलीच्या शाळेत दीड वर्ष जाऊनही अक्षराला बघून हसता येतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

धोंडुबाईंनी टोपी उचलली, झटकली, आणि तशाच ओसरीकडं निघाल्या.

*

शालूचं माहेर जतकडचं. तिकडं पाऊस आणि शाळा दोन्ही क्वचितच दिसत. दहाव्या वर्षी तिला सांगलीला मावशीकडं धाडलं, आणि तिथं ती मुलींच्या शाळेत दोन वर्षं गेली. पहिलं वर्ष मार खाण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं, की जे अक्षर आपण फुगडीच्या नाहीतर जात्याच्या गाण्यात बसवतो ते परत निसटत नाही. तशी तिनं सगळी मुळाक्षरं बसवली. मग तिचं लग्न ठरलं आणि शाळा सुटली.

"सून शिकल्याली हाय," हे लग्नात मांडवभर मिरवलं गेलं. लग्नानंतर आठ वर्षांत घरातल्या कुणीही तिच्या हातात एक कागद दिला नाही. नवरा सयाजी पलटणीत, आता इटलीत लढाईवर. त्याची पत्रं येत ती घरच्या कर्त्याच्या नावानं, कर्ता वाचणार, बाकीच्यांनी ऐकायचं. सुनेनं नवऱ्याचं पत्र मागणं म्हणजे काय दिसतं ते? तेव्हा शालूनं आपली विद्या साबणाच्या वेष्टनावर चालवली, आणि हरणाला चार वर्षं पुरी झाल्यावर अंगणात.

गावच्या शाळेत हरणा दोन दिवस गेली होती. दुसऱ्या दिवशी छडी पाहून पळत आली ती शेणींच्या ढिगामागं लपली. घरच्या कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. पोरीची जात, शिकून काय करायचंय.

*

"लाला, तुझ्या अंगनात सरस्वती पायाखाली तुडीवत्यात," धोंडुबाईंनी ओसरीवर बसता बसता सांगितलं. "आनि वर टाळ्या! पोरी काय फडावर नाचवायच्या हायत व्हय?"

लालासाहेब घोंगड्यावर बसून पान लावत होते. त्यांच्याशेजारी धाकटा भाऊ भाऊसो. भाऊसोला स्वतःचं मत नव्हतं असं नाही, पण ते कुणाचं तरी ऐकल्यावरच त्याला आठवे.

"लय वंगाळ," भाऊसो म्हणाला. "मी तर म्हनतो कणशांच्या घरात असलं कवाच झालं न्हवतं."

"भावजी," दारातून लालासाहेबांच्या बायकोचा, रंगूबाईंचा आवाज आला, "परवा तुमीच न्हवं का काना हुन हुबं ऱ्हायला हुतासा?"

भाऊसो गोरामोरा झाला. गोष्ट खरी होती. ण ला तीन जणी उभ्या लागतात आणि णा करायला चौथा ताठ माणूस हवा म्हणून पोरांनी त्याला गोठ्यातून धरून आणलं होतं. "मला काय म्हाईत, वैनी? मला वाटलं पोरांनी सावलीला हुबा केलाय."

"तरी बी बंदच करा," रंगूबाई म्हणाल्या. भावजींची जिरवली म्हणजे सुनेची बाजू घेतली असं नव्हे. "जात्यावर गायलं तर पीठ तरी पडतं. ह्या गान्यातनं काय पडतंय? सकाळधरनं अंगनात गोंधूळ. म्या बोलले तर मी वाईट."

"आज पंचमी हाय," लालासाहेब गंभीरपणे म्हणाले. "बाया-पोरी नाचत्यालच. त्यो धरम हाय. पन त्यातनं आक्षरं काढनं ह्ये काय बरं न्हवं. उद्यापास्नं बंद."

निवाडा असा की ऐकून धोंडुबाईही खूश झाल्या. पंचमीला दिवसभर झिम्मा घालावा, घागर फुंकावी, पाय मोडेतो फुगडी खेळावी, सगळं पुण्य. पण त्या फुगडीतून एखादं ळ बाहेर पडलं, की पाप.

निवाडा देणाऱ्याचं खरं कारण मात्र निराळंच होतं.

लालासाहेब मागल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आले होते. बिल्ला घेऊन परतले तेव्हा गावानं आपसात ठरवून टाकलं, की समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला वाचता येतच असणार. लालासाहेबांनी फक्त नाही म्हटलं नाही. पहिल्यांदा शेजारच्या म्हातारीनं तिच्या पोराचं पत्र पुढं केलं, तेव्हा त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं, खाकरले आणि म्हणाले, "खुशाल हाय." म्हातारी रडली, पाया पडली, शेरभर तूप देऊन गेली. त्यानंतर माघार घेणं अवघड होतं.

वीस-बावीस वर्षं ते गावातल्या चार घरांची पत्रं वाचत होते. कागदाची वरची बाजू शिक्क्यावरून ओळखता येते. बाकी पत्रात असतं तरी काय? वडीलधाऱ्यांना दंडवत, लेकरांना आशीर्वाद, हवापाणी, खुशाली. सयाजीची पत्रं वाचतानाही ते हेच म्हणत, आणि म्हणता म्हणता त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसे. पोरगं खुशाल आहे हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असे. उत्तर ते चावडीवरच्या कारकुनाला सांगून लिहून घेत, आणि पत्र कधी सोबत नेत नसत. घरची गोष्ट परक्याला कशाला?

पण पंधरवड्यापूर्वी हरणानं त्यांच्या कोपरीच्या खिशातून डोकावणाऱ्या पत्रावर बोट ठेवलं होतं. "आबा, ह्यो स हाय न्हवं?"

"व्हय. शाब्बास," ते म्हणाले होते. आणि तेव्हापासून नातीला मांडीवर घेताना त्यांचा हात आधी खिशाकडं जाई.

*

हरिबा पोस्टमन टपाल सणादिवशी आवर्जून वाटत असे. इतर दिवशी लोक पत्र घेतात, सणादिवशी पाट मांडतात. दुपारी जेवणं उरकत आली असताना तो आला. चार दिंडं तुपात बुडवून खाल्ली, हात धुतले आणि मग पिशवीतून पत्र काढलं. "सयाजीरावांचं. पलटनीचा शिक्का हाय." पत्र देऊन तो पुढच्या पाटावर गेला.

ओसरीवर घर गोळा झालं. लालासाहेब मध्ये. आक्का खांबाला टेकून. भाऊसो सगळ्यांना दिसेल असा. रंगूबाई उंबऱ्याच्या आत, आणि त्यांच्यामागं शालू. पोरं जिथं फट मिळेल तिथं. हरणा आजोबांच्या पाठीमागं गुडघ्यांवर उभी राहून त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती.

लालासाहेबांनी शिक्का बघून कागद सुलटा केला. खाकरले. कागदावर बोट ठेवलं.

"'आबास, आयीस, काकास दंडवत. मी इकडं खुशाल हाय. हवापानी मानवलंय. सायेब माज्यावर राजी हाय.'"

"लय गुनाचं प्वार," भाऊसो म्हणाला.

रंगूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सयाजी प्रत्येक पत्रात खुशाल असे आणि त्या प्रत्येक पत्राला रडत.

इथं थांबायचं, असा लालासाहेबांचा नेहमीचा रिवाज. पण समोर बहीण बसली होती, सकाळचा निवाडा अजून ताजा होता, आणि सयाजीच्या तोंडून तो वदवला तर सून नवऱ्याची आज्ञा म्हणून निमूट ऐकेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी बोट दोन ओळी खाली नेलं.

"'आनि शालूला सांगा, पोरींचं नाचगानं बंद करावं. आबा म्हनत्याल तसं वागावं.'"

"बगा!" भाऊसो उडालाच. "इटलीतनं बी दिसलं की त्येला!"

धोंडुबाईंनी मान डोलावली. उंबऱ्याआड शालू मात्र चमकली. अंगणातल्या गाण्याचं तिनं सयाजीला कधी कळवलं नव्हतं. पत्र धाडणार कुणाच्या हातून? आणि सयाजीनं चार माणसांत आजवर कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. हरणा व्हायच्या आधी तो तिला नुसतं "ऐकलं का" म्हणायचा, आणि नंतर "हरणाची आई".

"आबा," हरणा खांद्यावरून म्हणाली, "श कुठं हाय?"

"कसला श?"

"शालूचा. आयेच्या नावाचा. श ला कमरंवर हात ठिवून कान्याला टेकायचं असतं. तुमी बोट ठिवलंय तितं न्हाई."

"गप बस. मोठ्यांच्या मदी बोलू नगं."

"पन न्हाईच!" हरणा आता पुढं सरकली होती, तिचं बोट आजोबांच्या बोटावरून खाली सरकलं होतं. कागदावरचं अक्षर मोठं, वेडंवाकडं, एकेक सुटं, तिनं स्वतः काढावं तसलं होतं. "ह... र... ण... काना. आबा! ह्ये माजं नाव हाय! आये, बाबानं माजं नाव लिवलंय!"

ती टुणकन उठली आणि ओसरीच्या मध्यभागी येऊन तिनं आपलं नाव नाचून दाखवलं. ह ला कंबर मोडली, र ला पाय पुढं फेकला, ण ला तीनदा टाच आपटली, काना म्हणून ताठ उभी राहिली. पोरांनी टाळ्या धरल्या. कागद आता तिच्या हातात होता. लालासाहेबांच्या बोटांतून तो कधी निसटला ते त्यांनाही कळलं नाही.

"हरणाच्या... आ-ई-ला... इ-चा-रा." प्रत्येक अक्षराला एक उडी. "आये, तुला कायतरी इचारायचंय म्हन!" मग तिचं बोट वरच्या ओळींवर गेलं. "मा-जा... उ... उकाराचा भाऊ उ... उ-ज-वा... पा... य." प ला पोट पुढं, काना ताठ, य ला झोका. "पा-य. का-प... का-प-ला. कापला!"

जमलं, म्हणून ती एका पायावर गिरकी घेऊन हसली.

टाळ्या थांबल्या.

शालू उंबरा ओलांडून ओसरीवर आली. आठ वर्षांत ती मोठ्या माणसांसमोर ओसरीवर आली नव्हती. पदर खांद्यावर घसरला होता. तिनं लेकीच्या हातून कागद घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला. आधी मनात, मग मोठ्यानं. आवाज कुठं कापला नाही. दोन ठिकाणी थांबला, एवढंच.

"'आबास दंडवत. मी सयाजी. ह्ये पत्र मी माज्या हातानं लिवतो. दवाखान्यात एक नाशिकचा गडी हाय, त्येनं लिवाय शिकिवलं. माजा उजवा पाय कापला ते मागच्या दोन पत्रांत कळवलं हुतं. तुमचं उत्तर आलं. तुमी लिवलं, पत्र वाचून आनंद झाला, असाच म्होरं जा.'"

चावडीवरच्या कारकुनानं ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं असणार. कारकुनाचं अक्षर चांगलं होतं.

"'मला वाटलं तुमी रागावलासा. आता बोटीनं मुंबईला आनत्याल. तितं इचारत्यात, घरी जातो का पुन्याला लंगड्यांच्या शाळंत शिवनकाम शिकतो. एका पायाचा मानूस घरी चालनार नसंल तर तसं लिवा. मी रागाला येनार न्हाई. मी शाळंत नाव घालीन. हरणाच्या आईला इचारा. तिला काय वाटतंय ते तिच्या तोंडचं लिवा. उत्तर आलं न्हाई तर मी पुन्यालाच जातो.'"

शालूनं कागद खाली केला. लालासाहेबांनी घसा साफ केला.

"ह्ये बाळबोध हाय," ते म्हणाले. "आमी मोडी शिकल्यालं. बाळबोधात आमचं वाईच..."

"लाला," धोंडुबाई म्हणाल्या.

त्या खांबापासून सरळ बसल्या होत्या. साठीच्या बाईनं पन्नाशी उलटून गेलेल्या भावाला हाक मारावी तशी ती हाक नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीनं लहान भावाला मारावी तशी होती.

"मोडीच्या शाळंत तू साडेतीन दिस गेला हुतास. चौथ्या दिशी मीच तुला उसातनं हुडकून आनलं."

भाऊसोनं ताबडतोब मान हलवली. "मला तर पयल्यापास्नंच संशेव हुता," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही.

रंगूबाई आत गेल्या. परतल्या त्या नवऱ्याची पत्र्याची पेटी घेऊन. तीस वर्षांत त्या पेटीला त्यांनी हात लावला नव्हता. सुनेपुढं पेटी आदळून त्या म्हणाल्या, "वाच. समदी."

"अगं, पन..." लालासाहेब म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमी लय वाचलं."

अकरा पत्रं होती. शालू ओसरीवर मांडी घालून बसली आणि एकेक उलगडत गेली. लालासाहेबांच्या पत्रांतला सयाजी फार आज्ञाधारक होता, त्याला हवापाणी मानवत असे आणि साहेब त्याच्यावर राजी असे. हा निराळाच निघाला. याला बोटीत ओकाऱ्या झाल्या होत्या. याला साहेबानं दोनदा शिक्षा केली होती. बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा पीठ सांडल्यागत दिसतंय, हरणाला सांगा, असं यानं लिहून घेतलं होतं. वळूचं काय केलं, विहिरीला पाणी लागलं का, असं हा दर खेपेला विचारत होता. दर खेपेला त्याला आनंद झाल्याचं कळवलं जात होतं.

"'आयचा दात दुखत हुता त्यो काढला का?'" शालूनं वाचलं. पत्र दीड वर्षापूर्वीचं होतं.

"आरं, त्यो दिवाळीतच पडला," रंगूबाई कागदाकडं बघून म्हणाल्या. मग त्यांनी तोंडात पदर कोंबला.

लालासाहेब भिंतीला टेकून ऐकत होते. पोराचा आवाज इतक्या दिवसांनी घरात येत होता आणि तो आपल्यामुळंच आजवर कुणाला ऐकू आला नव्हता, हे त्यांना कळत होतं. सकाळी ते नातीच्या अक्षरांना घाबरले होते ते अब्रूपायी. आता बघितलं तर अब्रू ओसरीवरच सांडली होती आणि तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. सगळी सयाजीकडं बघत होती.

"मनुबाईच्या पोराची पत्रं बी तुमीच वाचता न्हवं?" रंगूबाईंनी एकाएकी विचारलं.

लालासाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"आनि सुलाबाईच्या?"

"चार घरची," ते म्हणाले.

चार घरांतली पोरं वर्षानुवर्षं खुशाल होती.

"मी जातो," लालासाहेब उठत म्हणाले. "घरोघर जाऊन सांगतो. पत्रं घिऊन आमच्या सुनंकडं या म्हनून. काय म्हनायचं ते म्हनू द्यात." त्यांनी खुंटीवरचा फेटा काढला, पण बांधला नाही. "आदी ह्येचं उत्तर लिवा. टपालाची पिशवी हरिबाकडंच हाय, त्यो अजून कुनाकडं तरी जेवतच आसंल."

सिद्धूच्या दप्तरात कागद, बोरू आणि शाईची दौत निघाली. सणाला आलेल्या पोराजवळ दप्तर असावं, हा आजीचा हट्ट एवढा एकदा उपयोगी पडला. धोंडुबाईंनी ते सारं स्वतः पुढं केलं. "घे, शालू," त्या म्हणाल्या. "आनि ह्या सिद्धूला चार दिस इतंच ठिवते. तुज्या अंगनात." एवढंच. चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत. सांगलीत तशी चाल नव्हती.

शालूनं पाटावर कागद पसरला. हरणा आईच्या खांद्याला लोंबकळली.

"काय लिवू, मामंजी?"

लालासाहेबांनी तोंड उघडलं. वीस-बावीस वर्षांची सवय जिभेवर आली: पत्र वाचून आनंद झाला. त्यांनी तोंड मिटलं. फेटा मांडीवर ठेवला, त्याचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

"लिव," ते म्हणाले. "सयाजीस आशीर्वाद. तुजी समदी पत्रं आज पोचली."

बोरू कुरकुरला. सगळे ऐकत राहिले.

"मला वाचता येत न्हाई. ह्ये बी लिव. चूक माजी, घरच्यांची न्हाई." ते थांबले. "वळू इकला. हिरीला पानी हाय. तुज्या आयचा दात आपसूक पडला. तू घरी यायाचं. काम बगू काय असंल ते, बसून करायचं बी असतंय. बोट लागायच्या दिशी मी मुंबईला येतो. धक्का कुठला ते तेवढं नीट कळीव, मला... कुनाकडनं तरी वाचून घेईन."

शालूनं लिहिलं. शेवटी पूर्णविराम दिला.

"आता तुजं," लालासाहेब म्हणाले. सुनेकडं न बघता, समोरच्या अंगणाकडं बघत. "त्येनं तुला इचारलंय. तुज्या तोंडचं म्हनलाय."

घर पुन्हा वाकलं. रंगूबाई पुढं झाल्या, आक्का पुढं झाल्या, भाऊसोनं कानावरची मुंडाशाची घडी मागं सारली. शालूनं कागद थोडा आपल्याकडं वळवला. तिनं पाच-सहा ओळी लिहिल्या. घाईनं नाही. एकदा थांबून शाई घेतली, एकदा आपसूक हसली. मग कागदावर फुंकर घातली.

"काय लिवलंस गं?" रंगूबाईंना राहवलं नाही.

शालूनं कागदाची घडी घातली, तिच्यावरून नख फिरवलं आणि ती हरिबाला नेऊन द्यायला हरणाच्या हातात दिली.

"ज्येचं हाय त्यो वाचंल, आत्तीबाई," ती म्हणाली. "त्येला आता येतंय."